कर्ज सँक्शन झालं की पेढे, कंपनी सँक्शन झाली की संकट: एका शब्दाची दोन तोंडं

परवा मामीकडे गेले होते. मामेभावाच्या घराचं कर्ज मंजूर झालं होतं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स, त्याच्याखाली बँकेचं पत्र आणि पत्रावर ठळक अक्षरांत ‘सँक्शन लेटर’. टीव्हीवर रशियन तेलाची चर्चा चालू होती आणि खालच्या पट्टीत तोच शब्द फिरत होता: अमेरिकेनं अमुक कंपन्या सँक्शन केल्या, आता भारतातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचं काय होणार. मामीनं पट्टी वाचली, पत्राकडे पाहिलं आणि विचारलं, “अगं, सँक्शन झालं म्हणून आम्ही पेढे आणले. आणि हे म्हणतायत, सँक्शन झालं म्हणून कंपनी अडचणीत आली. शब्द एकच ना?”

शब्द एकच. मी दोन वाक्यांत उत्तर द्यायला गेले आणि अडखळले, कारण उत्तर दोन वाक्यांत मावत नाही. ते रोमच्या तटबंदीपासून सुरू होतं आणि वाटेत आपली देवराईसुद्धा लागते.

आधी दोन अर्थ बाजूबाजूला ठेवू

पहिला अर्थ मंजुरीचा. अधिकार असलेल्या माणसानं किंवा संस्थेनं ‘हो, करा’ म्हणणं. कर्ज सँक्शन होतं, बांधकामाचा नकाशा सँक्शन होतो, सरकारी खात्यात पदं सँक्शन असतात. विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ असं छापलेलं असतं, इंग्रजीत तोच ‘सँक्शन्ड लोड’.

दुसरा अर्थ शिक्षेचा किंवा निर्बंधांचा. एखाद्या देशानं, कंपनीनं किंवा व्यक्तीनं नियम मोडला असं ठरवून तिच्याशी व्यवहार तोडणं. इराणवरची सँक्शन्स, रशियावरची सँक्शन्स, ती ही.

एकाच शब्दाचे उलटे अर्थ म्हटलं की विचित्र वाटतं, पण आपण रोज असा एक शब्द वापरतो. या लेखाची सुरुवातच ‘परवा’नं झाली आहे. परवा गेले होते आणि परवा जाणार आहे, दोन्ही बरोबर. कालच्या आदला दिवसही परवा आणि उद्याच्या नंतरचा दिवसही परवा. मराठी माणसाचा गोंधळ होत नाही, कारण पुढचं क्रियापद सगळं सांगून जातं. सँक्शनचंही थोडंफार तसंच आहे. फरक एवढाच, की ‘परवा’चे दोन अर्थ एका अंतरावरून आले आहेत, आजपासून दोन दिवस, मागे किंवा पुढे. सँक्शनचे अर्थ कशावरून आले, ते पाहायला जरा मागे जावं लागतं.

रोमच्या भिंती ‘पवित्र’ का होत्या?

लॅटिनमध्ये ‘सांकिरे’ असं क्रियापद आहे. अर्थ: एखादी गोष्ट पवित्र, अभंग, मोडता न येणारी करून ठेवणं. त्यावरून ‘सांक्तुस’ म्हणजे तसं केलेलं, आणि ‘सांक्तिओ’ म्हणजे तसं करणारी घोषणा किंवा कलम. हा सांक्तिओ इंग्रजीत येऊन सँक्शन झाला.

आता एक बारीक गोष्ट जवळून पाहू, कारण सगळी गोम तिथे आहे. पूर्व रोमन सम्राट जस्टिनियन यानं इसवी सन ५३३ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक काढलं. त्यात नगराच्या तटबंदीला आणि वेशींना ‘सांक्तुस’ म्हटलं आहे. देऊळ पवित्र असतं हे कळतं, पण दगडी भिंत पवित्र कशी? पुस्तकाचं उत्तर सरळ आहे: भिंतीचा भंग करणाऱ्याला देहदंड ठरलेला आहे, म्हणून ती पवित्र. आणि त्याला जोडूनच पुढे सांगितलं आहे, की म्हणूनच कायद्यातल्या ज्या भागात मोडणाऱ्याची शिक्षा लिहिलेली असते, त्या भागाला आपण सांक्तिओ म्हणतो.

रोमच्या स्थापनेची दंतकथाही हेच सांगते: रोम वसवणाऱ्या रोम्युलसनं उभारलेली भिंत थट्टेनं उडी मारून ओलांडली, म्हणून त्याचा भाऊ रीमस याचा जीव गेला. सख्खा भाऊ, पण भिंत ओलांडली.

म्हणजे मुळात शब्द ना होकाराचा, ना शिक्षेचा. तो कायद्याला बळ देण्याचा आहे. नुसतं ‘असं करू नका’ म्हटलं तर तो सल्ला झाला. त्यामागे अधिकार उभा राहिला आणि मोडल्यास काय होईल ते ठरलं, की तो कायदा झाला. हे ‘मागे उभं राहणं’ म्हणजे सँक्शन.

आपल्याकडची देवराई

हे परकं वाटत असेल तर सह्याद्रीत या. घाटमाथ्यावर आणि कोकणात गावोगाव देवराया आहेत, देवाच्या नावानं राखलेलं रान. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा शास्त्रज्ञांचं लक्ष त्यांच्याकडे वळलं. पुष्कळ देवरायांचा नियम इतका कडक, की तोड तर सोडाच, खाली पडलेली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. नेली तर देवाचा कोप.

पण देवळाचा वासा कुजला आणि लाकूड लागलं तर? तर गावकरी जमतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि देवाला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेल्या कळ्या किंवा पाकळ्या कोणत्या बाजूनं पडतात ते पाहतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नाही. गोव्यात याला प्रसाद घेणं, पाकळी घेणंही म्हणतात.

आता यात तीन गोष्टी एकत्र दिसतात. रान पवित्र आहे, मोडणाऱ्याला शिक्षा आहे आणि ज्याच्या नावानं शिक्षा आहे, परवानगीही त्याच्याकडूनच घ्यायची आहे. शिक्षा करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा असं इथे नाही. सँक्शन या शब्दाच्या पोटात हे तिन्ही अर्थ एकत्र बसले आहेत. मला विचाराल तर त्याचे दोन अर्थ ‘विरुद्ध’ म्हणणंच पुरतं बरोबर नाही. एकाच दाराची ती आतली आणि बाहेरची बाजू आहे.

मग वाट फुटली कुठे?

इंग्रजीत हा शब्द रुळला तो राजाज्ञा, धर्मसभेचा ठराव अशा अर्थानं. तो जुना अर्थ इतिहासाच्या पुस्तकात अजून भेटतो: १७१३ मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातला सम्राट सहावा चार्ल्स यानं आपलं राज्य न विभागता, वेळ आली तर मुलीकडेही जाईल असं फर्मान काढलं, त्याचं नाव ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’. त्याची मुलगी मारिया थेरेसा गादीवर बसली ती त्याच्या जोरावर.

पुढे फर्मानातला ‘अधिकाऱ्याची मोहोर’ हा भाग धरून मंजुरीचा अर्थ वाढला आणि अठराव्या शतकात ‘मंजूर करणे’ असं क्रियापदही झालं. दुसरीकडे वकील आणि तत्त्वज्ञांनी ‘मोडल्यास दंड’ हा भाग धरून ठेवला. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्लिश विधितज्ज्ञ जॉन ऑस्टिनचा विचार शिकवतात: कायदा म्हणजे सत्ताधीशाची आज्ञा, आणि आज्ञेमागे सँक्शन, म्हणजे शिक्षेचं भय. ‘शिक्षा करणे’ असं क्रियापद मात्र अगदी अलीकडचं, १९५०च्या दशकातलं. बातम्यांमधला सगळा घोळ या धाकट्या क्रियापदानं घातला आहे.

“सेंट म्हणजे आपला संत ना? मग शब्द संस्कृतातूनच गेला असेल!”

हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही शब्द पवित्र माणसासाठी, उच्चारही जवळचा. पण नातं नाही. इंग्रजी ‘सेंट’ आला तो सांक्तुसवरून, म्हणजे तो सँक्शनचा सख्खा भाऊ. आपला ‘संत’ आला ‘सत्’वरून, जे आहे, जे खरं आहे, ते सत्. दोन वेगळ्या विहिरींचं पाणी एकाच रंगाचं दिसावं, तसं हे साम्य.

सांक्तुसची खरी भावंडं मात्र आपल्या अगदी जवळ राहतात. पश्चिम रेल्वेवरचं सांताक्रूझ म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘पवित्र क्रूस’. त्यातला ‘सांता’ हाच. नाताळातला सांताही हाच. आणि ‘सँक्च्युअरी’ही हीच, जिथे आसरा घेतलेल्याला कोणी हात लावायचा नाही अशी जागा. मराठीनं तिच्यासाठी ‘अभयारण्य’ हा फार सुंदर शब्द घडवला. रान राखायचं, आत शिरायला परवानगी लागते, आणि बंदूक घेऊन शिरलात तर शिक्षा. पुन्हा तेच तिन्ही अर्थ.

एकाच कागदावर दोन्ही बाजू

मामीच्या घरचं ते पत्र मी मग नीट वाचलं. पहिल्या पानावर रक्कम, व्याजदर, मुदत. ही मंजुरी. मागच्या पानांवर अटी: घराची कागदपत्रं अमुक, विमा तमुक, आणि मंजुरी ठरावीक दिवसांपुरतीच, त्या मुदतीत कर्ज उचललं नाही तर ती आपोआप संपते. शेवटी हप्ता चुकला तर किती दंड. बँकेनं एकाच सहीनं होकारही दिला आहे आणि दंडही ठरवला आहे. पत्राचं नाव जुन्या रोमन अर्थानंही बरोबर आहे.

याहून लक्षात राहणारं उदाहरण न्यायालयाच्या बातम्यांत सापडतं. ‘अधिकाऱ्यावर खटला चालवण्यास सरकारचं सँक्शन’ असं आपण वाचतो. इथे सँक्शन म्हणजे मंजुरी, पण मंजुरी कशाची? शिक्षेच्या दिशेनं पहिलं पाऊल टाकण्याची. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ नुसार लोकसेवकावर खटला उभा करण्याआधी सरकारची किंवा त्याला पदावरून काढू शकणाऱ्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम २१८ तशीच अट घालतं, कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्यांसाठी.

“म्हणजे सरकारनं आपल्याच माणसाला वाचवायची सोय!” हा आक्षेप रास्त आहे. मंजुरीच्या फायली वर्षानुवर्षं पडून राहिल्या की न्याय अडतो, हे लोकांनी पाहिलं आहे. कायद्याची बाजू अशी, की निर्णय घेणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्याला कोणीही उठून खोट्या खटल्यात अडकवू नये. नव्या संहितेनं निदान घड्याळ लावलं आहे: १२० दिवसांत सरकारनं निर्णय दिला नाही, तर मंजुरी मिळाली असं धरायचं. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो.

देशाला वाळीत टाकणं

आता टीव्हीच्या पट्टीतला अर्थ. आंतरराष्ट्रीय सँक्शन्स कशी चालतात हे मराठी माणसाला समजावून सांगायला एक जुना, दुखरा शब्द आहे: वाळीत टाकणं. गावानं ठरवलं की अमुक घराशी कोणी बोलायचं नाही. मारहाण नाही, कोंडून ठेवणं नाही. पण दुकानदार मीठ देत नाही, गिरणीवाला दळून देत नाही, लग्नाला कोणी येत नाही. आणि जो त्या घराशी बोलेल, तोही वाळीत. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, कारण या शस्त्रानं किती घरं उद्ध्वस्त होतात हे इथल्या लोकांना चांगलं ठाऊक होतं.

देशांच्या बाबतीत यंत्रणा तीच. अमेरिकेच्या अर्थखात्याकडे एक यादी असते. यादीत नाव गेलं की अमेरिकी माणूस, बँक, कंपनी तुमच्याशी व्यवहार करू शकत नाही. पण जगाचा बराचसा व्यापार डॉलरमध्ये चालतो आणि डॉलरचे व्यवहार बहुधा कुठल्या तरी अमेरिकी बँकेतून जातात. त्यामुळे मुंबईतला किंवा दुबईतला व्यापारीही हात आखडता घेतो. ‘जो बोलेल तोही वाळीत’ हा प्रकारही आहे, त्याला दुय्यम निर्बंध म्हणतात.

एक अगदी जवळचं उदाहरण. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघानं गुजरातमधल्या वाडिनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची मालक नायरा एनर्जी हिला यादीत टाकलं, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेलकंपनीचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. त्यानंतर तिच्या ई-मेलसारख्या संगणकसेवा काही दिवस बंद पडल्या आणि कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. गावातला गिरणीवाला दळून देईना, तसंच हे.

मग २२ ऑक्टोबर २०२५ला अमेरिकेनं रोसनेफ्ट आणि लुकॉइल या दोन रशियन कंपन्यांवर निर्बंध घातले, आणि त्याच वेळी जुने व्यवहार आवरते घ्यायला २१ नोव्हेंबरपर्यंतचे परवाने काढले. दार लावतानाच एक खिडकी उघडी ठेवली. ज्यानं बंदी घातली, परवाना त्याचाच. देवराई आणि कौल आठवले ना?

या अर्थाचं सँक्शन जागतिक राजकारणात आलं ते पहिल्या महायुद्धानंतर, राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) काळात. १९३५ मध्ये इटलीनं इथिओपियावर हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघानं इटलीवर निर्बंध घातले, पण तेल त्यातून वगळलं. रणगाडे ज्यावर चालतात तेच वगळल्यावर काय होणार? १९३६ मध्ये इथिओपिया पडला आणि निर्बंधही उठले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत तर सँक्शन हा शब्दच नाही. कलम ४१ मध्ये ‘सशस्त्र बळाचा वापर नसलेले उपाय’ असं म्हटलं आहे. शब्द लोकांनी लावला आणि तो चिकटला.

“भारत नेहमी भोगणाराच का?”

नाही. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्या आधीच, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ भारतानं त्या देशाशी व्यापार तोडला. असं करणारा तो पहिला देश. जगाला तिथवर यायला कितीतरी वर्षं लागली.

भोगलंही आहे. १९९२ मध्ये रशियाशी झालेल्या क्रायोजेनिक (अतिथंड इंधनावर चालणाऱ्या) रॉकेट इंजिनाच्या करारावरून अमेरिकेनं इस्रोवर दोन वर्षांचे निर्बंध घातले. मे १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर पुन्हा घातले, ते बहुतांशी सप्टेंबर २००१ मध्ये उठले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलावरून अमेरिकेनं भारतीय मालावर जादा २५ टक्के आकार लावला, त्याला पुष्कळांनी सँक्शन म्हटलं. ते सँक्शन नव्हतं, ते आयातशुल्क, म्हणजे टॅरिफ. टॅरिफमध्ये दुकान उघडं असतं, फक्त माल महाग होतो. सँक्शनमध्ये दुकानदार तुम्हाला माल देतच नाही.

“निर्दोष माणसांचं काय?”

सगळ्यात गंभीर प्रश्न हा. वाळीत टाकलेल्या घरातलं लहान मूल काय गुन्हा करतं? ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत गिळल्यावर सुरक्षा परिषदेनं जवळपास सगळा व्यापार बंद केला. सत्ताधाऱ्यांच्या महालांत काही कमी पडलं नाही. औषधं आणि अन्न कमी पडलं ते सामान्य घरांत. १९९५ मध्ये ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ अशी वाट काढावी लागली. त्या अनुभवानंतर आख्ख्या देशाऐवजी ठरावीक नेते, कंपन्या, बँका आणि जहाजं हेरून निर्बंध घालण्याची पद्धत वाढली. तरी नेम धरला म्हणून झळ बाजूला लागत नाही असं होत नाही. माझं मत विचाराल तर निर्बंधांच्या प्रत्येक बातमीत पहिला प्रश्न ‘कोणावर’ हा आणि दुसरा ‘औषधं वगळली का’ हा असायला हवा.

वाचताना ओळखायचं कसं?

अनेकवचन दिसलं, ‘सँक्शन्स’, तर जवळजवळ नेहमी निर्बंध. ‘अमक्यावर’ आलं तर निर्बंध, ‘अमक्यासाठी’ किंवा ‘अमक्याला’ आलं तर बहुधा मंजुरी.

कठीण जातं ते ‘सँक्शन्ड’ हे विशेषण. ‘यूएन-सँक्शन्ड’ लष्करी कारवाई म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिलेली कारवाई. ‘यूएन-सँक्शन्ड’ दहशतवादी म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातलेला दहशतवादी. शब्द तोच, आणि घाईत केलेल्या भाषांतरात ‘संयुक्त राष्ट्रांची मान्यता असलेला दहशतवादी’ असं छापून आलं, तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? इथे व्याकरण मदत करत नाही. तिथे नामाकडे पाहावं: कृतीला मंजुरी मिळते, व्यक्तीवर निर्बंध येतात.

म्हणून मराठीत लिहिताना सँक्शन तसाच ठेवू नये असं मला कळकळीनं वाटतं. आपल्याकडे दोन चोख शब्द आहेत. ‘मंजूर’ हा अरबीतून आला, ‘नजर’ ज्या धातूचा त्याच धातूचा; मंजूर म्हणजे मुळात ‘पाहिलेलं’. वरच्या माणसाची नजर त्यावरून फिरली, मग ते चालतं झालं. आणि दुसरा ‘निर्बंध’. तो आज आपण बंदीसाठी वापरतो, पण सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत तोच शब्द ‘कायदा’ या अर्थानं सुचवला होता. एकाच शब्दात कायदा आणि बंदी, जस्टिनियनच्या त्या पुस्तकात लिहिलेलं नातं मराठीतही उमटलेलं.

हे सगळं मी फोनवर मामीला सांगितलं. भिंतीची आणि देवराईची गोष्ट तिला पटली. तिच्या माहेरच्या राईतून सरपण आणायला आजीनं कधी जाऊ दिलं नव्हतं. मग तिनं माझ्या मामेभावाला हाक मारून पत्र पुन्हा काढायला लावलं. मंजुरीची मुदत किती दिवसांची आहे, ते तिला पाहायचं होतं.